विल्यम टिंडेल : उपकारस्तुतीचे जीवन



उत्तम शुक्रवारच्या उपासनेत आपण प्रभूच्या दुःखसहनाबद्दल उपकारस्तुती करतो. निरपराध असता त्याने शिक्षा सोसली, आणि ती स्वेच्छेने सोसली, हे आपण बाळपणापासून ऐकत आलो आहोत. अतिपरिचयामुळे या सत्याची धार आपल्यापुरती बोथट होते. अशा वेळी ज्यांनी या सत्यासाठी शब्द शोधण्यात आयुष्य वेचले व अखेर त्यासाठीच प्राण दिला, त्या विल्यम टिंडेल यांचे चरित्र आठवावे.

टिंडेल यांचा जन्म 1494 च्या सुमारास इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात झाला. ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेऊन ते धर्मगुरू झाले. बिशपांच्या संमतीवाचून शास्त्राचे इंग्रजीत भाषांतर करण्यास त्या देशात 1409 पासून मनाई होती. टिंडेल यांनी 1523 मध्ये लंडनचे बिशप टन्स्टल यांच्याकडे आश्रय मागितला. तो मिळाला नाही. पुढील वर्षी त्यांनी मायदेश सोडला, तो कायमचाच. 1526 मध्ये जर्मनीतील वर्म्स शहरी त्यांचा नवा करार, मूळ ग्रीकवरून इंग्रजीत केलेला, छापून झाला. व्यापारी मालात लपवून त्याच्या प्रती इंग्लंडात पोहोचल्या आणि त्याच वर्षी लंडनमध्ये बिशपांच्या आज्ञेने त्यांची होळी झाली. त्या आवृत्तीच्या आज केवळ तीन प्रती शिल्लक आहेत.

टिंडेल खचले नाहीत. हिब्रू भाषा आत्मसात करून त्यांनी 1530 मध्ये मोशेची पाच पुस्तके प्रसिद्ध केली. लेवीयच्या 16व्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचे वर्णन आहे. अहरोन जिवंत बकऱ्याच्या माथ्यावर दोन्ही हात ठेवतो, इस्राएलाची पापे पदरी घेतो आणि बकरा ती वाहून रानात जातो. येथील दुर्बोध हिब्रू शब्दासाठी टिंडेल यांनी ‘स्केपगोट’ हा नवा शब्द घडवला. तसेच ‘अटोनमेंट’ हा शब्द त्यांनी इंग्रजी शास्त्रात रुजवला. एक होणे, दुरावलेल्यांचा समेट होणे, हा त्याचा मूळ अर्थ.

वाचकहो, आपल्या बोलीत प्रायश्चित्त अपराध्याने स्वतः घ्यायचे असते. शास्त्र मात्र सांगते की ते दुसऱ्याने घेतले. शिवाय अहरोनाच्या बकऱ्याला आपल्या माथ्यावर काय ठेवले आहे याची जाणीव नव्हती. आपल्या तारणाऱ्याला ती पूर्ण होती, आणि तरीही तो मागे फिरला नाही.

असा तारणारा लाभल्यावर काय करावे, हे टिंडेल यांच्या आचरणातून दिसते. 1531 मध्ये राजा आठवा हेन्री यांचे प्रतिनिधी स्टीफन व्हॉन यांनी त्यांना परत येण्याची विनंती केली. टिंडेल यांनी एकच अट घातली. कोणाचेही भाषांतर असो, राजाने प्रजेला शास्त्र इंग्रजीत वाचू द्यावे. मग आपण लेखन थांबवू, परत येऊ आणि राजा देईल ती यातना, मरणसुद्धा, पत्करू. ती अट मान्य झाली नाही. अँटवर्प शहरी राहत असता ते आठवड्यातील दोन दिवस परागंदा देशबांधवांच्या व गोरगरिबांच्या भेटीसाठी राखून ठेवीत, असे चरित्रकार जॉन फॉक्स नमूद करतात.

1535 च्या मे महिन्यात हेन्री फिलिप्स नावाच्या इंग्रज तरुणाने मैत्रीचे सोंग करून त्यांना पकडून दिले. फॉक्स यांच्या वृत्तान्तानुसार, त्याच दिवशी त्याने टिंडेल यांच्याकडून पैसेही उसने घेतले होते. आपल्याला यहूदाची आठवण होते. परंतु एक भेद ध्यानात घ्यावा. टिंडेल यांना मित्राचे कपट ओळखता आले नाही. प्रभू येशूने मात्र सारे जाणून त्या मित्राबरोबर भोजन केले.

फिलव्होर्डेच्या किल्ल्यात टिंडेल सुमारे सोळा महिने बंदिवान होते. तेथून त्यांनी लिहिलेले एक लॅटिन पत्र आजही उपलब्ध आहे. हिवाळ्यासाठी उबदार टोपी व कपडे, रात्रीसाठी दिवा, आणि सर्वांत अधिक आग्रहाने हिब्रू शास्त्र, व्याकरण व शब्दकोश ते मागतात. मनुष्य केवळ विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो, या शिकवणीवरून त्यांचा वाद लूवेनच्या विद्वानांशी झाला. पाखंडी ठरवून त्यांना 1536 च्या ऑक्टोबरात प्रथम गळा आवळून ठार करण्यात आले व मग देह जाळण्यात आला. मरतेसमयी त्यांनी राजाची दृष्टी उघडावी म्हणून देवाला विनवले, असे फॉक्स सांगतात. पुढच्याच वर्षी राजाच्या परवानगीने जे इंग्रजी बायबल निघाले, त्याचा मोठा भाग टिंडेल यांचाच होता.

टिंडेल यांच्या मरणाने कोणाच्याही पापाची क्षमा झाली नाही. तसे कोणी म्हटले असते, तर सर्वांत आधी त्यांनीच ते खोडून काढले असते. त्यांचे कष्ट तारणाचे मोल नव्हते, तर फुकट मिळालेल्या तारणाबद्दलची उपकारस्तुती होती.

वाचकहो, आपल्यावरही कधी खोटा आळ येतो, जवळचे माणूस दगा देते. त्या घडीला देवाच्या कृपेचा हिशेब मागण्याचा मोह होतो. तेव्हा त्या थंड कोठडीत शब्दकोश मागणारा बंदिवान डोळ्यांपुढे आणावा, आणि त्याच्याही पलीकडे, स्वेच्छेने वधस्तंभाकडे चालत गेलेला प्रभू पाहावा. मग हाती असलेले काम पुन्हा उचलावे. हीच आपली उपकारस्तुती होय.