पंडिता रमाबाई : कष्ट आणि भरवसा

परमार्थाच्या वाटेवर एक शंका हमखास आडवी येते. कर्ता-करविता देवच आहे, तर माणसाने हातपाय कशाला हलवावेत? आणि हातपाय हलवल्यावाचून पोट भरत नाही हे खरे, तर देवावर भार टाकला म्हणजे काय केले? शास्त्रीबुवा ही शंका काढतात, आणि कीर्तनाला येणारा कुणबीही काढतो. आपल्या संतांनी तिचे उत्तर जगून दिले आहे. सावतोबांच्या हातचे खुरपे सुटले नाही, गोरोबांचे चाक थांबले नाही, आणि नामही खंडले नाही.

आज आम्ही जे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत ते मात्र आपल्या संप्रदायातले नव्हे. धर्मांतर करून ख्रिस्ती झालेल्या एका विदुषीचे ते आहे. त्यांनी धर्म सोडला हे आम्हाला रुचत नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. पण गुण घ्यायचा तर घर पाहू नये. वरच्या शंकेचा निकाल या बाईंनी जसा लावला तसा फार थोड्यांना लावता आला आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातल्या घाटमाथ्यावर गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे व्युत्पन्न. बायकांनीही संस्कृत शिकावे हा त्यांचा आग्रह. तो त्यांनी स्वतःच्या घरातच सिद्धीस नेला. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी शिकवले आणि आईने लेकीला. पुढे सारे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराण सांगू लागले. श्रोते देतील त्यावर निर्वाह चाले, आणि उरेल ते दानधर्मात जाई.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. श्रोत्यांच्याच घरी दाणा नाही, तिथे पुराणिकाला कोण देणार? या मंडळींनी अनुष्ठाने केली, होते नव्हते ते विकून दानदक्षिणा दिली. पण मजुरी करावी, तर तशी सवय नाही; भीक मागावी, तर लाज वाटे. शेवटी तिरुपतीच्या रानात झाडपाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. अनंतशास्त्री जलसमाधी घ्यायला निघाले. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान बाजूस ठेवून आपण हमाली करू, पण वडिलांना मरू देणार नाही, असा त्याने निश्चय केला. परंतु फार उशीर झाला होता. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. आईच्या तिरडीला पुरेसे खांदेकरी मिळेनात, म्हणून लहानखुऱ्या रमाबाईंनी तिरडीची एक बाजू डोक्यावर धरली.

आम्हीही पुराण-कीर्तनावरच वाढलो. म्हणून हा प्रसंग आम्हाला फार लागतो. त्या घरात भाव कमी नव्हता. पण देवाने दिलेले दोन हात हीसुद्धा त्याचीच कृपा, हे ध्यानात यायला वेळ लागला.

पुढे भाऊबहीण पायी हिंडत राहिली. पंजाबात थंडी सोसेना, तेव्हा नदीकाठच्या वाळूत खड्डा करून त्यात रात्री काढल्या. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच साली बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झाले, पण १८८२ साली पटकीने तेही गेले. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी. रमाबाई पुण्यास आल्या, १८८३ साली विलायतेस गेल्या, आणि तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

अमेरिकेतून साहाय्य मिळवून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन काढले. विधवांना तिथे अन्न, वस्त्र आणि विद्या मिळे. पुढे ते पुण्यास आले. १८९३ साली मुलींना ख्रिस्ती वळण लागत असल्याचा बोभाटा झाला. रानडे, भांडारकर अशा थोरांनी अंग काढून घेतले आणि पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या. मुलींच्या धर्माची काळजी करणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. पण बाई डगमगल्या नाहीत, एवढे खरे.

अमेरिकेतल्या मंडळींचे वचन दहाच वर्षांचे होते. ती मुदत संपण्याआधीच बाईंनी केडगावास माळरान घेऊन फळझाडे लावली. प्रार्थना रोज चालेच, पण प्रार्थनेने आंब्याला पाणी जात नाही. ते विहिरीतून काढावे लागते. १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा स्वतःचे जुने दिवस आठवून त्या तिकडे गेल्या आणि टप्प्याटप्प्याने सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, तिथे त्यांना ठेवता येईना. मग केडगावच्या शेतावरच संसार थाटला. तेच मुक्ती सदन. इतक्या तोंडांना पुरेल असे ठरलेले उत्पन्न नव्हते. हिशेब करून पाऊल टाकायचे म्हटले असते तर ते उचललेच गेले नसते. इथे भरवसा उपयोगी पडला. १९००च्या दुष्काळात गुजराथेतूनही शेकडो जणी आल्या.

आणि आलेल्या कोणालाही बाईंनी नुसते बसवून ठेवले नाही. शेत, गोठा, माग, तेलाचा घाणा, शिवणकाम, छापखाना. जिला जे जमेल ते तिने शिकावे. आंधळ्यांनाही मनोरमाबाईंनी बोटांनी वाचायला शिकवले. आपल्या आईबापांना ज्या हातकामाची सवय नव्हती, ते रमाबाईंनी अनाथ पोरींच्या हाती दिले.

स्वतः बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करीत बसल्या. १९२१ साली मनोरमा गेली. एकुलती एक लेक, हाताशी आलेली. तरी काम थांबले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

वाचकहो, भरवसा आणि कष्ट ही दोन दैवते नव्हेत. एकाच गाड्याची दोन चाके आहेत. भरवसा नसेल तर माणूस आपल्या कुवतीएवढेच काम अंगावर घेतो. कष्ट नसतील तर अंगावर घेतलेले तडीस जात नाही. नांगरटीच्या दिवशी टाळ घेऊन बसू नये, आणि पीक आल्यावर ते आपल्याच मनगटाचे म्हणू नये. बाईंची वाट वेगळी, आपली वेगळी. आपल्या वाटेवर हा बोध आपण आपल्या विठोबाच्या पायी वाहावा आणि उद्या सकाळी कामाला लागावे.

रामकृष्णहरी.