शिक्षक जॉन मॅक्लेन

एखाद्या ग्रंथालयाची शताब्दी साजरी होते, तेव्हा ग्रंथांबरोबरच ते इतरांना वाचावयास शिकविणाऱ्या माणसांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. स्कॉटलंडमधील जॉन मॅक्लेन हे अशा माणसांपैकी एक. इतिहासात त्यांची नोंद क्रांतिकारक समाजवादी आणि युद्धविरोधी चळवळीचे नेते म्हणून झाली आहे. पण त्यांच्या आयुष्याचा धागा हाती धरला, तर तो अखेरपर्यंत एका शाळामास्तराचाच राहतो.

मॅक्लेन यांचा जन्म २४ ऑगस्ट १८७९ रोजी ग्लासगोजवळच्या पोलकशॉज या गावी झाला. वडील कुंभारकामाच्या कारखान्यात कामगार होते. आईवडील दोघेही मूळचे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखातले. मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमीनदारांनी त्या मुलखातील कुळांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरांतून हुसकावून लावले होते. त्या उठवणुकीच्या कहाण्या जॉन यांनी लहानपणीच ऐकल्या. कारखान्यातील धुळीने फुप्फुसे निकामी होऊन वडील वारले, तेव्हा जॉन जेमतेम आठ-नऊ वर्षांचे होते. आईने कष्ट उपसून मुलांना शिकविले. घरचे वातावरण कडक धर्मनिष्ठेचे होते. पुढे मॅक्लेन यांनी धर्म सोडला. मात्र कर्तव्याविषयीची करडी निष्ठा त्यांच्या स्वभावातून कधीच गेली नाही.

शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून ते शाळेत नोकरीस लागले. नोकरी सांभाळून त्यांनी ग्लासगो विद्यापीठात अध्ययन केले आणि १९०४ मध्ये एम.ए. ही पदवी मिळविली. याच सुमारास मार्क्सच्या विचारांनी त्यांच्या मनाची पकड घेतली. मिळालेले ज्ञान स्वतःपाशी ठेवणे त्यांच्या वृत्तीत नव्हते. दिवसा मुलांना शिकवावे आणि संध्याकाळी गिरणी, गोदी व खाणीतल्या मजुरांना अर्थशास्त्र शिकवावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. मजुरी कशी ठरते, वस्तूची किंमत कशी बनते, नफा कोठून येतो, हे ते मजुरांच्या रोजच्या हिशेबातून उलगडून दाखवीत. ‘भांडवल’सारखा अवघड ग्रंथ थकून आलेल्या माणसांबरोबर सावकाश वाचण्याची चिकाटी त्यांच्यापाशी होती. १९१७-१८ च्या सुमारास ग्लासगोतील त्यांच्या एका साप्ताहिक वर्गाला सुमारे ५०० श्रोते येत असत.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. युरोपातील बहुतेक समाजवादी पक्ष आपापल्या सरकारांच्या मागे उभे राहिले. मॅक्लेन यांचे मत मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. हे युद्ध व्यापारी साम्राज्यांच्या स्पर्धेतून उद्भवले असून एका देशातील कामगाराने दुसऱ्या देशातील कामगाराला मारण्यात कोणाचेच हित नाही, असे ते रस्त्यावरच्या सभांतून सांगू लागले. सैन्यभरतीच्या जाहिरातींनी भिंती रंगल्या असता हे बोलणे सोपे नव्हते. १९१५ च्या शरदात ‘डिफेन्स ऑफ द रेल्म ॲक्ट’ या युद्धकालीन कायद्याखाली त्यांना पाच पौंडांचा दंड झाला. तो भरण्याचे नाकारून त्यांनी पाच दिवसांची कैद पत्करली. त्याच महिन्यात शाळामंडळाने त्यांना नोकरीवरून दूर केले. पत्नी ॲग्नेस आणि दोन लहान मुली यांचा संसार त्या पगारावर चालत होता.

त्याच दिवसांत ग्लासगोत भाड्यांचा प्रश्न पेटला होता. युद्धसाहित्याच्या कारखान्यांमुळे शहरात माणसांची गर्दी झाली आणि घरमालकांनी भाडी वाढविली. मेरी बार्बर यांच्यासारख्या कामगार वस्तीतील स्त्रियांनी वाढीव भाडे न देण्याची चळवळ संघटित केली. तिच्यात सुमारे २० हजार कुटुंबे सामील झाली. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी भाडे थकविल्याबद्दल १८ कामगारांना न्यायालयात बोलाविण्यात आले, तेव्हा बाहेर हजारोंचा जमाव लोटला. जमावापुढे बोलणाऱ्यांत मॅक्लेनही होते. खटले मागे घेतले गेले आणि त्या वर्षाच्या अखेरीस भाडी युद्धपूर्व पातळीवर गोठविणारा कायदा संसदेने केला. या विजयाचे खरे श्रेय त्या स्त्रियांचे आहे. परंतु आपल्या वर्गांत शिकविलेले अर्थशास्त्र घराघरांतून कसे उभे राहते, याचा अनुभव मॅक्लेन यांना येथे आला.

पुढची शिक्षा कठोर होती. एप्रिल १९१६ मध्ये एडिंबरोच्या उच्च न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. सुटकेसाठी सतत चळवळ झाल्याने जून १९१७ अखेर ते बाहेर आले. त्या वर्षी रशियात बोल्शेविकांची सत्ता आली. लेनिन यांनी युद्धाविरुद्ध उभ्या राहिलेल्या मोजक्या माणसांत जर्मनीच्या लीबक्नेख्त यांच्याबरोबर मॅक्लेन यांचे नाव घेतले आणि १९१८ च्या आरंभी नव्या सरकारने त्यांना स्कॉटलंडमधील आपला वकील नेमले. ब्रिटिश सरकारने ही नेमणूक कधीच मानली नाही.

एप्रिल १९१८ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. ९ मे रोजी खटला उभा राहिला, तेव्हा त्यांनी वकील घेतला नाही. सुमारे सव्वा तास ते आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलले. आपल्यावरील आरोपांना उत्तर देण्याऐवजी रक्तपाताची जबाबदारी त्यांनी भांडवलशाही व्यवस्थेवरच ठेवली. ज्यूरीने आपल्या खोलीत न जाताच त्यांना दोषी ठरविले. पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. पीटरहेडच्या तुरुंगात त्यांनी अन्नत्याग केला, तेव्हा नळीने बळजबरीने अन्न घालण्यात आले. युद्ध थांबल्यावर, ३ डिसेंबर १९१८ रोजी, त्यांची सुटका झाली. ग्लासगोत त्यांच्या स्वागताला अफाट गर्दी लोटली. पण शरीर खचले होते. त्याच महिन्यातील निवडणुकीत गॉर्बल्स मतदारसंघातून ते मंत्रिमंडळातील सदस्य जॉर्ज बार्न्स यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि सात हजारांहून अधिक मते मिळवून पराभूत झाले.

येथून पुढचे चरित्र सांगताना चरित्रकाराला जपून पावले टाकावी लागतात. १९२० मध्ये ब्रिटनमध्ये कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला, परंतु मॅक्लेन त्यात गेले नाहीत. स्कॉटलंडच्या कामगारांचे स्वतंत्र प्रजासत्ताक असावे, असे त्यांचे मत झाले होते. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यालाही त्यांनी उघड पाठिंबा दिला. जुने सहकारी विली गॅलकर यांच्याशी त्यांचे तुटले. अनेक सहकाऱ्यांविषयी त्यांच्या मनात संशय होता आणि त्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी सहकारी शंका घेत. ही शंका कितपत खरी आणि कितपत राजकीय सोयीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तुरुंगवासाने त्यांना खचविले आणि स्वभावाच्या ताठरपणाने एकाकी केले, एवढे मात्र दिसते. १९१९ मध्ये पत्नी मुलींसह घर सोडून गेली. १९२१ मध्ये आणखी दोन वेळा कैद झाली. १९२२ च्या निवडणुकीत मते चार हजारांच्या आसपास उतरली.

तरीही वर्ग थांबले नाहीत. ज्या स्कॉटिश लेबर कॉलेजच्या उभारणीसाठी १९१६ पासून ते झटले, तेथे खाणकामगार आणि यंत्रकामगार शिकत राहिले. १९२३ च्या नोव्हेंबरात गॉर्बल्समधूनच पुन्हा उमेदवारी करीत असता कडाक्याच्या थंडीत उघड्यावर सभा घेताना त्यांना न्यूमोनियाने गाठले. आपला एकुलता ओव्हरकोट त्यांनी बार्बाडोसहून आलेल्या एका निर्धन माणसाला देऊन टाकला होता, असे सांगतात. पत्नी काही दिवसांपूर्वीच परतली होती. ३० नोव्हेंबर १९२३ रोजी त्यांचे देहावसान झाले, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. ईस्टवुडच्या दफनभूमीपर्यंत हजारो लोक चालत गेले. पुढे १९७९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त सोव्हिएत संघाने टपालतिकीट काढले.

त्यांची सारीच राजकीय भाकिते खरी ठरली नाहीत. स्कॉटलंडचे कामगार प्रजासत्ताक झाले नाही आणि त्यांनी ज्या राज्याचे वकीलपद स्वीकारले, तेही १९९१ मध्ये लयाला गेले. त्यांच्या हट्टाची किंमत कुटुंबालाही मोजावी लागली, हे विसरून त्यांचा गौरव करणे योग्य नव्हे. पण शाळेने दार बंद केल्यावरही ज्याने शिकविणे सोडले नाही, त्या शिक्षकासमोर आम्हां अध्यापकांना आपला धडा पुन्हा तपासावा लागतो. ज्यांना शाळेत फार काळ बसता आले नाही, तीही माणसे अवघड ग्रंथ वाचू शकतात, ही मॅक्लेन यांची श्रद्धा होती. सार्वजनिक ग्रंथालये याच श्रद्धेवर उभी राहतात आणि म्हणूनच या शताब्दी ग्रंथात त्यांचे स्मरण करावेसे वाटले.