मारिया ग्रॅहम

मारिया ग्रॅहम, पुढे लेडी कॉलकॉट (जन्म : १९ जुलै १७८५, कॉकरमथजवळ, इंग्लंड, मृत्यू : २१ नोव्हेंबर १८४२, लंडन) या इंग्रज प्रवासवर्णनकार, चित्रकार व इतिहासलेखिका होत्या. भारत, इटली, चिली व ब्राझील येथे राहून तेथील लोकजीवन, खाणेपिणे आणि राजकारण यांविषयी त्यांनी लिहिले. मावळातील कार्ले लेण्याचे वर्णन करणाऱ्या सुरुवातीच्या युरोपीय लेखकांपैकी त्या एक होत.

भारतातील वास्तव्य

आरमारी अधिकारी असलेले वडील जॉर्ज डंडास यांच्यासह त्या १८०९ मध्ये मुंबईस आल्या. जहाजावर परिचय झालेले थॉमस ग्रॅहम यांच्याशी त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. मुंबईतील इंग्रजांच्या मेजवान्यांत त्यांचे मन रमले नाही आणि त्या समाजाच्या संकुचितपणावर त्यांनी तिखट शब्दांत लिहिले. स्त्री असल्यामुळे पुरुष प्रवाशांना बंद असलेल्या जनानखान्यात त्यांना प्रवेश मिळाला, हे त्यांच्या लेखनाचे मोठे बळ होय.

वर्षअखेरीस त्या पुण्याकडे निघाल्या. मावळ तेव्हा दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या अमलाखाली होता आणि बोरघाटातील गाडीरस्ता अद्याप व्हायचा होता. पनवेल, नाना फडणवीसांच्या तळ्याची खोपोली आणि खंडाळा या मार्गाने घाट चढून त्यांनी कार्ले गाठले. घारापुरीचे लेणे त्यांनी आधीच पाहिले होते. त्याच्याशी तुलना करून त्यांनी कार्ल्याच्या चैत्यगृहाची भव्यता वर्णिली व त्याची चित्रे रेखाटली. १८१२ साली ‘जर्नल ऑफ अ रेसिडेन्स इन इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. एतद्देशीयांविषयीचे त्यातील काही अभिप्राय उतावळे आहेत. १८१४ मधील ‘लेटर्स ऑन इंडिया’ या पुस्तकात मात्र संस्कृत वाङ्मय व पुराणकथा यांचा अधिक अभ्यासपूर्वक परिचय आढळतो.

चिली आणि भूकंपाचा वाद

१८२२ मध्ये केप हॉर्नजवळ जहाजावरच पतीचे निधन झाले. मायदेशी न परतता त्या व्हालपराइसोजवळ एकट्या घर करून राहिल्या. तेथील कुंभारणी, नळीने माते हे पेय पिण्याची रीत, स्वातंत्र्ययुद्धातील पुढाऱ्यांचे हेवेदावे असे सारे त्यांनी टिपले. राजकीय मते निःपक्ष नव्हती : लॉर्ड कॉक्रेन त्यांचे मित्र होते आणि सॅन मार्टिनविषयी त्यांनी कठोर लिहिले.

१९ नोव्हेंबर १८२२ रोजी तेथे मोठा भूकंप झाला. किनारा काही फुटांनी वर उचलला गेल्याचे त्यांचे निरीक्षण लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८२४ मध्ये छापले. दहा वर्षांनी संस्थेचे अध्यक्ष ग्रीनो यांनी त्याची जाहीर खिल्ली उडवली. आजाराने अंथरुणास खिळलेल्या मारियाबाईंनी त्यास छापील उत्तर दिले. १८३५ च्या चिलीतील भूकंपानंतर चार्ल्स डार्विन यांनीही जमीन वर आल्याचे नोंदवले.

उत्तरायुष्य

ब्राझीलमधील गुलामांच्या बाजाराचे त्यांनी केलेले वर्णन अस्वस्थ करणारे आहे. १८२४ मध्ये तेथील राजकन्येच्या शिक्षिका म्हणून त्यांची नेमणूक झाली, पण दरबारी कारस्थानांमुळे ती अल्पकाळच टिकली. १८२७ मध्ये चित्रकार ऑगस्टस कॉलकॉट यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. मुलांसाठी लिहिलेला ‘लिटल आर्थर्स हिस्टरी ऑफ इंग्लंड’ (१८३५) हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतरही अनेक दशके पुन्हा पुन्हा छापला गेला.