बी. रघुनाथ : आपल्या मुलखाचा कथाकार

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या मोठ्या व्यक्तीचे चरित्र थोडक्यात लिहून द्यावे, अशी आमच्या चिटणीसबाईंची आज्ञा झाली. पुण्यामुंबईच्या थोरांची चरित्रे आपण पुष्कळ वाचतो. परंतु आपल्याच मुलखात कारकुनी करता करता ज्यांनी सात कादंबऱ्या लिहिल्या, त्या बी. रघुनाथांचे नाव आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? म्हणून मी त्यांचेच चरित्र निवडले.

त्यांचे पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १५ ऑगस्ट १९१३ रोजी, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील सातोना या गावी झाला. हीच तारीख पुढे देशाचा स्वातंत्र्यदिन ठरली. पण त्यांच्या मराठवाड्याला मात्र त्यानंतरही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली. आपला हिंगोली जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. त्यापूर्वी आपणही परभणीचेच, तेव्हा ते आपल्या घरचेच म्हणावयाचे.

शिक्षणासाठी ते हैदराबादला गेले. तेथील विवेकवर्धिनी विद्यालयातून मॅट्रिक झाले आणि शिक्षण तेथेच थांबले. पुढे निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनाची नोकरी धरावी लागली. आयुष्याचा बराच काळ परभणीत गेला.

भगिनींनो, तो काळ कसा होता हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या लेखनाचे मोल कळावयाचे नाही. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षण उर्दूतून. मराठी ही आपल्या लोकांच्या घरातली, ओवीतली, बाजारातली भाषा. कचेरीत तिला जागा नव्हती. सभा भरवायची तर सरकारची परवानगी लागे. लिहितावाचता येणारे लोक थोडे, आणि बायकांत तर शेकडा चारदोन मिळाल्या तरी पुष्कळ. मासिके आणि प्रकाशक बहुतेक पुण्यामुंबईकडे. अशा ठिकाणी एखाद्या तरुणाने मराठीत गोष्टी लिहावयाच्या म्हणजे त्या वाचायच्या कोणी? ज्यांच्याविषयी लिहावे त्यांना अक्षर येत नाही, आणि ज्यांना अक्षर येते त्यांना हा मुलूख ठाऊक नाही, अशी ही कोंडी होती.

तरीही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. १९३६ साली त्यांची ‘ओ’ ही कादंबरी निघाली. १९४० साली ‘साकी’ हा कथासंग्रह आला आणि १९४१ साली ‘आलाप आणि विलाप’ हा कवितासंग्रह. त्यानंतर महायुद्धाच्या दिवसांत कागदाची मोठी टंचाई होती. नेमक्या त्या काळात १९४३ ते १९४६ या चार वर्षांत त्यांच्या ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘उत्पात’ आणि ‘म्हणे लढाई संपली’ अशा चार कादंबऱ्या निघाल्या. दरसाल एक! दिवसाची नोकरी सांभाळून हे केले. घरचे सारे आवरून मगच पुस्तक हाती घेणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी त्यांतले कष्ट समजावून सांगावयास नकोत.

‘साकी’, ‘छागल’ ही त्यांच्या कथासंग्रहांची नावेच पाहा. उर्दूच्या शेजाराने आपल्याकडच्या मराठीत जे शब्द मुरले, ते त्यांनी परके मानले नाहीत. वाचक लांबचा असला तरी त्याच्यासाठी आपली बोली त्यांनी धुऊनपुसून टाकली नाही. ‘फकिराची कांबळी’ हा संग्रह १९४८ सालचा, ‘छागल’ १९५१ चा.

७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीत, नोकरीत असतानाच त्यांचे निधन झाले. वय अवघे चाळीस. ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी १९५४ साली, ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा कवितासंग्रह १९५५ साली आणि ‘काळी राधा’ हा कथासंग्रह १९५६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ही पुस्तके वाचकांच्या हाती पडली तेव्हा ती पाहावयास लेखकच नव्हता. परभणीत आज त्यांच्या नावाचे सभागृह आहे, त्यांच्या नावाने साहित्याचा पुरस्कारही दिला जातो. हे योग्यच झाले. पण सभागृहाला नाव दिले म्हणजे लेखकाला वाचक मिळतोच असे नाही.

माझी आजी कळमनुरी तालुक्यातलीच. बी. रघुनाथ लिहीत होते त्या काळात ती तरुण होती, आणि तिला सहीसुद्धा करता येत नसे. तिच्यासारख्या हजारोजणी त्यांच्या वाचक होऊ शकल्या नाहीत. आज आपल्या वारंगा फाट्यावर नांदेडची, हिंगोलीची, हदगावची वाट एकत्र येते. दिवसभर गाड्या थांबतात आणि जातात. मुली येथून कॉलेजला जातात. आपल्या मंडळातल्या बहुतेक जणींना वाचता येते. आता निमित्त सांगावयास जागा उरलेली नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. भिशीच्या दिवशी आपण जमतोच. चहा होईपर्यंत अर्धा तास एकीने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. ज्या वडीलधाऱ्या भगिनींना अक्षर येत नाही त्यांना पुढे बसवावे. आरंभ ‘आडगावचे चौधरी’ने करावा. प्रत मिळविण्याचे काम मी अंगावर घेते. वाचावयास कोण बसते, तेवढे पुढच्या बैठकीत ठरवू या.