नवख्यांवर भरवसा ठेवणारा छत्रपती

रविवारी सकाळी कुरुळीजवळच्या एका मोकळ्या मैदानावर आमच्या शेरूनं माझी चारचौघांत शोभा केली. शेरू म्हणजे आमचा गावठी कुत्रा, वय जेमतेम दीड वर्ष. अ‍ॅजिलिटी ट्रायलमध्ये नवख्यांच्या गटात त्याचं नाव दिलं होतं. उड्या मारायचे अडथळे, फळीचा झोका, कापडी बोगदा, ओळीत रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी पळणं, असा हा खेळ. १९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये दोन कार्यक्रमांच्या मधला वेळ भरून काढायला घोड्यांच्या अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेवरून तो बेतला आणि मग जगभर पसरला. नियम साधा पण कठीण. साखळी नाही, हातात खाऊ नाही, कुत्र्याला हात लावायचा नाही. फक्त आवाज, हाताची खूण आणि तुमचं पळणं.

शेरूनं पहिल्या दोन उड्या झकास मारल्या. बोगद्यापाशी आला आणि थबकला. मी ओरडले, तो आणखी मागे सरला. तीनदा नकार झाला आणि आम्ही बाद. बाहेर आल्यावर मैदानावरच्या एका काकांनी मला शांतपणे समजावलं, की कुत्रा बोगद्याला घाबरला नव्हता, तो माझ्या घाबरलेल्या चेहऱ्याकडे बघत होता. नवख्यावर भरवसा ठेवता येत नसेल तर त्याला मैदानात आणू नये. आणि मग जाता जाता म्हणाले, की कुत्र्याला पालखी देणारा राजा आपली पहिली लढाई इथून वीसेक किलोमीटरवरच जिंकला होता, तो वाच जरा.

घरी येऊन वाचायला लागले. तो राजा म्हणजे छत्रपती शाहू महाराज. कोल्हापूरचे राजर्षी नव्हेत, त्यांच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीचे, साताऱ्याचे. शिवरायांचे नातू, संभाजी महाराजांचे पुत्र. आपल्या पुस्तकात ते बाजीरावाच्या मागे कुठंतरी बसलेले दिसतात आणि धडा पुढं सरकतो. खरं तर थांबावं अशी गोष्ट तिथंच आहे.

छावणीत गेलेलं बालपण

शाहूंचा जन्म १८ मे १६८२ चा, रायगडाच्या परिसरातल्या माणगावजवळच्या गांगवलीचा. ते सात वर्षांचेही नव्हते तेव्हा, मार्च १६८९ मध्ये, औरंगजेबानं संभाजी महाराजांना ठार केलं. ज्या तुळापूरशी ती आठवण जोडलेली आहे ते गाव आपल्या आळंदीपासून फार लांब नाही. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाईंसह छोटे शाहू मोगलांच्या हाती लागले.

पुढची जवळजवळ अठरा वर्षं कैदेत. ही कैद म्हणजे अंधारकोठडी नव्हती. औरंगजेबाची छावणी दख्खनभर फिरत राहिली आणि तिच्याबरोबर हे मायलेकही. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा बेगम हिनं या पोराला माया लावली, असं सांगतात. मानमरातब मिळाला, लग्नंही छावणीतच लावली गेली. पण तंबूबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी हवी. आपण शाळा-कॉलेजात घालवतो ती सगळी वर्षं या मुलानं शत्रूच्या पहाऱ्यात काढली. त्याच काळात बाहेर राजाराम महाराज आणि नंतर ताराबाई, संताजी, धनाजी यांनी बादशहाला जेरीस आणलं होतं. स्वराज्य लढत होतं, आणि त्याचा वारस ते शत्रूच्या गोटातून ऐकत होता.

मार्च १७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब वारला. त्याचा मुलगा आझमशाह गादीसाठी उत्तरेकडे निघाला. शाहूंनाही बरोबर नेलं होतं, पण भोपाळच्या बाजूला दोराह्याजवळ मे महिन्यात त्यांना मोकळं केलं. त्यात हिशोब होता. हा परत गेला की मराठे आपसात भांडतील. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवलं. आईला मागं सोडून पंचवीस वर्षांचा मुलगा दक्षिणेकडे निघाला. सोबत मूठभर माणसं, जवळ सैन्य नाही, लढाईचा अनुभव तर शून्य.

खेडची पहिली परीक्षा

ताराबाईंचा प्रश्न रोखठोक होता. अठरा वर्षं मोगलांकडे राहिलेला हा माणूस खरा शाहू कशावरून? हा तोतया आहे, असं त्यांच्या बाजूनं सांगितलं जाऊ लागलं. आणि खरा असला तरी, इतकी वर्षं राज्य आम्ही राखलं, ते त्याला का द्यायचं? हा प्रश्न आज वाचतानाही चुकीचा वाटत नाही.

वाटेत पारद नावाच्या गावानं शाहूंना विरोध केला. चकमक झाली, गावचा पाटील पडला. त्याच्या बायकोनं आपलं लहान मूल आणून शाहूंच्या पुढ्यात घातलं. शाहूंनी ते पोर आपलं मानलं आणि विजयाची आठवण म्हणून त्याचं नाव फत्तेसिंह ठेवलं. अक्कलकोटचं भोसले घराणं या फत्तेसिंहापासून सुरू झालं. शत्रूचं पोर मांडीवर घेणारा माणूस पुढं कसा वागेल, याची झलक इथंच दिसते.

१२ ऑक्टोबर १७०७. जागा, भीमेकाठचं खेड, म्हणजे आजचं राजगुरुनगर. कुरुळी ज्या तालुक्यात येतं त्याचं मुख्य गाव. नाशिक हायवेवरच्या ट्रॅफिकमध्ये आपण ज्याला शिव्या घालत जातो, तेच. ताराबाईंच्या सैन्याचे दोन मोठे खांब होते, सेनापती धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी. धनाजी म्हणजे मोगलांना धडकी भरवणारं नाव. समोर हा नवखा राजपुत्र. पण लढाईआधीच बोलणी सुरू झाली होती. हा खराच शाहू आहे याची धनाजींना खात्री पटली आणि ऐन वेळी ते शाहूंच्या बाजूला आले. एकटे पडलेले परशुरामपंत माघार घेऊन साताऱ्याला गेले. आपली पहिली मोठी लढाई शाहूंनी तलवारीपेक्षा विश्वासावर जिंकली. पुढं सातारा ताब्यात आला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी तिथंच राज्याभिषेक झाला.

कारकून आणि एकोणीस वर्षांचा पोरगा

राज्य हाती आलं खरं, पण ते नावापुरतंच. धनाजी लवकरच वारले. त्यांचा मुलगा चंद्रसेन शाहूंना सोडून गेला. जो तो सरदार आपापलं बघायला लागला. तेव्हा शाहूंनी हात ठेवला तो बाळाजी विश्वनाथ या माणसावर. बाळाजी काही नामांकित सेनानी नव्हते. वसुली आणि हिशोबाच्या कामातून वर आलेले होते. १७१३ मध्ये शाहूंनी त्यांना पेशवेपद दिलं. पुढच्याच वर्षी बाळाजींनी कान्होजी आंग्र्यांसारख्या दर्यावर्दीला न लढता शाहूंच्या बाजूला आणलं. मग ते फौज घेऊन दिल्लीला गेले आणि १७१९ मध्ये चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. त्यांच्याबरोबर येसूबाईही आल्या. कैदेत पडल्याला तीस वर्षं झाली होती. मुलगा सुटल्यालाही बारा वर्षं उलटली होती.

१७२० च्या एप्रिलमध्ये बाळाजी वारले. आता पेशवा कोण? अनुभवी माणसं रांगेत होती. शाहूंनी निवडलं बाळाजींच्या थोरल्या मुलाला. बाजीरावांचं वय तेव्हा पुरतं वीसही नव्हतं. दरबारातल्या जुन्याजाणत्यांनी नाकं मुरडली. एवढ्या पोराच्या हातात कारभार? कऱ्हाडजवळच्या मसूर इथं शाहूंनी त्यांना पेशवाईची वस्त्रं दिली. पुढच्या वीस वर्षांत काय झालं ते आपल्याला माहीत आहे. १७३७ मध्ये बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकले, १७३९ मध्ये धाकट्या चिमाजी अप्पांनी वसई घेतली.

शाहू स्वतः मोहिमांवर फारसे गेले नाहीत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्यांनी शहर वसवलं, म्हणूनच साताऱ्याला शाहूनगर म्हणतात. तिथं बसून माणसं सांभाळायची, भांडणं मिटवायची, रुसलेल्यांना परत आणायचं, हे त्यांचं काम. कोल्हापूरच्या चुलतभावाशी वर्षानुवर्षं झगडा होता, तोही १७३१ च्या वारणेच्या तहानं मिटवला.

खंड्याची पालखी

शाहूंना शिकारीचा, बागांचा आणि जनावरांचा भारी नाद. त्यांच्या एका कुत्र्यानं शिकारीत वाघापासून त्यांचा जीव वाचवला, अशी हकीकत आहे. साताऱ्यात त्याला खंड्या म्हणून ओळखतात. या कुत्र्याला त्यांनी जहागीर लावून दिली आणि पालखीचा मान दिला. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला आजही लोक त्याची समाधी दाखवतात.

ग्रँट डफ या स्कॉटिश इतिहासकारानं आणखी एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. दोन सरदार भेटीला येणार होते. भरदरबारात शाहूंनी कुत्र्याला जरीचं वस्त्र आणि दागिने घातले, आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि त्यानंतर स्वतः पुन्हा पगडी घातली नाही. डफला यात म्हातारपणातला मनाचा तोल गेलेला दिसतो. मला वेगळं वाटतं. ज्याच्यापुढं आयुष्यभर मानपानावरून भांडणं आली, त्यानं मानपानाची किंमत एका पगडीत दाखवून दिली असावी. अर्थात, हा माझा अंदाज.

भरवशाची किंमत

शेवट मात्र गोड नाही. शाहूंना वारस उरला नव्हता. तब्येत खालावलेली, राण्यांमध्ये ताण. अशा वेळी पुढं आल्या त्या ताराबाईच. आपला एक नातू लपवून वाढवला आहे, असं त्यांनी सांगितलं. ज्या बाईनं एकेकाळी शाहूंना तोतया ठरवलं, तिच्या शब्दावर भरवसा ठेवून शाहूंनी त्या रामराजाला वारस मानलं. १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात त्यांचं निधन झालं. त्याआधी राज्याचा कारभार त्यांनी लेखी आज्ञेनं नानासाहेब पेशव्यांकडे सोपवला होता. पुढं ताराबाईंनीच रामराजाला खोटं ठरवलं. सत्ता पुण्याला गेली आणि साताऱ्याचा छत्रपती हळूहळू नावाचा धनी उरला.

म्हणजे भरवसा ठेवणं नेहमीच फळतं, असं शाहूंचं आयुष्य सांगत नाही. कधी त्यातून बाजीराव मिळतो, कधी हातातली दोरीच निसटते. पण त्यांनी भरवसाच ठेवला नसता तर? मग बाळाजी हिशोबच लिहीत बसले असते आणि बाजीराव मोठा होण्याची वाट बघत बसला असता. आपल्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी अनुभव नाही म्हणून दारातून परत पाठवलेलं असतं. इंटर्न म्हणून मला हे जरा जास्तच कळतं.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा मैदानावर गेलो, फक्त सरावाला. या वेळी मी बोगद्याच्या या तोंडाशी आरडाओरडा केला नाही. शेरूला तिथं बसवलं, पलीकडच्या तोंडाशी गेले आणि गप्प उभी राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कापड हललं. आधी नाक दिसलं, मग कान, मग धुळीनं माखलेला अख्खा शेरू. पुढच्या ट्रायलला तो जिंकेल की नाही, माहीत नाही. नाव मात्र मी दिलं आहे.