कारचा हीटर बंद पडला? आधी मायबाख यांना भेटा
हीटर गार हवा फेकतोय असं कुणी म्हटलं, की मी विल्हेल्म मायबाख यांची गोष्ट सांगतो. १८४६ मध्ये जर्मनीतल्या हाइलब्रॉनला जन्म. दहाव्या वर्षापर्यंत आई-वडील दोघेही गेले. रॉयटलिंगेनच्या अनाथाश्रमात ते वाढले. तिथल्याच कारखान्यात गोटलिब डाइमलर भेटले आणि दोघांनी मिळून हलकी, वेगवान इंजिनं घडवली. पण इंजिन जितकं जोरदार, तितकं तापायचं. १९०० मध्ये मायबाख यांनी ८,०७० बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. १९२९ मध्ये ते गेले.
हीटरमध्येही छोटा रेडिएटरच असतो. इंजिनाचंच गरम पाणी त्यात फिरतं. म्हणून इंजिन गार असताना आधी कूलंटची पातळी बघा. ती सारखी घटत असेल तर गाडी तशीच दामटू नका, इंजिनच बसेल.