म्हातारी माणसं अंथरुणाला खिळतात, कारण त्यांना कुणी उठवतच नाही, हे दाखवून देणाऱ्या डॉक्टर मार्जरी वॉरेन

आजी बाथरूममध्ये पाय घसरून पडतात. खुब्याचं हाड मोडतं. आता या वयात ऑपरेशन कशाला, असा सूर घरात निघतो. आजी पलंगावर पडून राहतात आणि पुन्हा उठतच नाहीत. वय झालं की असंच व्हायचं, हे आपण धरूनच चालतो.

हा समज खोटा ठरवायला सुरुवात केली ती जवळपास ९० वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका डॉक्टर बाईंनी. त्यांचं नाव मार्जरी वॉरेन.

वॉरेन यांचा जन्म १८९७ चा. वडील बॅरिस्टर, पाच बहिणींमध्ये त्या थोरल्या. १९२३ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. १९२६ मध्ये पश्चिम लंडनमधल्या आयझलवर्थच्या हॉस्पिटलमध्ये कामाला लागल्या. हेच पुढचं वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटल. वॉरेन यांना आवड होती ती सर्जरीची. म्हाताऱ्या माणसांचा डॉक्टर ही गोष्ट तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

१९३५ मध्ये शेजारच्या वर्कहाऊसचा दवाखाना या हॉस्पिटलला जोडला गेला. वर्कहाऊस म्हणजे गरीब, निराधार लोकांना ठेवायची सरकारी जागा. तिथले ७१४ रुग्ण वॉरेन यांच्या वाट्याला आले. त्यात बहुतेक वृद्ध. कित्येकजण वर्षानुवर्षं पलंगावरच. नेमका आजार काय, हे धड कुणी तपासलेलं नाही. पडून पडून सांधे आखडलेले, पाठीला जखमा झालेल्या.

वॉरेन यांनी प्रत्येकाला नव्यानं तपासलं. कुणाला उपचारांची गरज आहे, कुणाला फक्त आधाराची, कोण घरी जाऊ शकतं, अशी विभागणी केली. वॉर्डात उजेड आणला, भिंती उजळ केल्या, धरून चालायला कठडे लावले. आणि मुख्य म्हणजे माणसांना पलंगावरून उठवलं. बसवलं, उभं केलं, चालायला लावलं. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, समाजसेवक सगळे मिळून एकाच रुग्णावर काम करू लागले.

परिणाम काय झाला? ७१४ खाटांची गरज २४० वर आली. कायमची खिळलेली समजली जाणारी बरीच माणसं चालत घरी गेली.

हे सगळं वॉरेन यांनी १९४३ आणि १९४६ मध्ये लेखांमधून मांडलं. वृद्धांसाठी वेगळी वैद्यकशाखा हवी, असा त्यांचा आग्रह होता. १९४७ मध्ये या डॉक्टरांची संघटना उभी राहिली. आजची ब्रिटिश जेरिॲट्रिक्स सोसायटी ती हीच. १९६० मध्ये युरोपात प्रवास करताना झालेल्या कार अपघातात वॉरेन गेल्या, वयाच्या ६२ व्या वर्षी.

वॉरेन हाडांच्या डॉक्टर नव्हत्या. पण त्यांचा विचार पुढे हाडांच्या वॉर्डातही पोहोचला. इंग्लंडमधल्याच हेस्टिंग्जमध्ये सर्जन मायकेल डेव्हास आणि वृद्धांचे डॉक्टर बॉबी अर्विन यांनी एकत्र रुग्ण बघायला सुरुवात केली. एकानं हाड जोडायचं, दुसऱ्यानं अख्खा माणूस सांभाळायचा. यालाच आज ऑर्थोजेरिॲट्रिक्स म्हणतात.

आज ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की, खुब्याचं हाड मोडलं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हावं आणि ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उठवायला घ्यावं. कारण मोडलेल्या हाडापेक्षा पडून राहणं जास्त घात करतं. न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात.

त्यामुळे घरात कुणी पडलं, तर डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा. ऑपरेशन कधी होणार? उभं कधी करणार? आणि मुळात पडायचं कारण काय होतं, हाडं ठिसूळ झाली आहेत का?

वय झालंय म्हणून कुणालाही पलंगावर सोडून द्यायचं नसतं, हे वॉरेन यांनी ७१४ माणसांच्या वॉर्डात करून दाखवलं होतं.